अर्जदाराच्या मामाचं फेसबुक

२०२१च्या उन्हाळ्यात मी डब्लिनच्या एका खासगी कॉलेजच्या प्रवेश विभागात काम करत होते. लॉकडाऊनमुळे आमचा विभाग म्हणजे डब्लिनजवळच्या नास गावातल्या घरातलं माझं जेवणाचं टेबल. परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासायचे असत. त्या वर्षी विभागप्रमुखाने तक्त्यात एक नवा रकाना घातला: सोशल मीडिया. अर्जदाराला न सांगता त्याचं फेसबुक, इन्स्टाग्राम उघडायचं आणि काही आढळलं तर लिहायचं. चोरून बघण्याचं काम होतं ते. मला पहिल्या दिवसापासून घाण वाटलं, तरी मी करत राहिले.

अमरावतीच्या एका मुलीचा अर्ज आला. गुण उत्तम, शिफारसपत्रं नीट. तिच्या खात्यावर मांजर आणि डोंगर. पण मामाने तिला टॅग करून बॅनर टाकलं होतं: 'आमच्या भाचीची आयर्लंडमध्ये निवड, हार्दिक अभिनंदन!' कॉलेजचं नाव दुसरंच. शाल, श्रीफळ, आणि मामाचा फोटो भाचीच्या दुप्पट. खाली 'भावी नगरसेवक'. मला हसू आलं. मी ते रकान्यात लिहिलं आणि पुढे 'दुर्लक्ष करावे' असा शेरा मारला. तिथेच चुकले.

व्हिडिओ कॉलवर विभागप्रमुख म्हणाला, "हिने दुसरीकडे प्रवेश घेतलाय. आपली जागा कशाला अडवू द्यायची?"

"घेतलेला नाही. तिथेही नुसता अर्ज केला असणार. आमच्याकडे तेवढ्यावरही सत्कार होतो."

"म्हणजे खोटं छापतात?"

"मामाने छापलंय. त्याला निवडणूक लढवायची आहे."

"तिने ते काढायला लावलं नाही."

"स्वतःच्या मामाला? तू लावून दाखव. त्यापेक्षा तिला सरळ विचार ना."

"विचारलं की सगळेच पोस्ट पुसत सुटतील." मग हसून, "तुझ्या गावची आहे, म्हणून सांभाळून घेतेयस?"

"मी पुण्याची. अमरावती पाहिलेलीही नाही."

"ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'बरं, ठीक', आणि जागा यादीतल्या पुढच्याला दिली.

नकाराचं पत्र मीच पाठवलं. 'अर्जांची संख्या जास्त असल्याने' हा ठरलेला मजकूर. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. दुसऱ्या कॉलेजनेही नाकारलं होतं. 'मॅडम, माझं नेमकं काय कमी पडलं ते कळेल का?'

मी लिहिलं: 'तुझं काहीच कमी पडलं नाही. तुझ्या मामाच्या पोस्टवरून आम्ही तुला नाकारलं, आणि तुला विचारलंही नाही. लेखी हरकत घे. हे पत्र सोबत जोड.' विभागप्रमुखालाही प्रत पाठवली.

दहा मिनिटांत त्याचा फोन आला. तो वाजत असताना मी उरलेल्या सगळ्या अर्जांसमोरचा तो रकाना पुसून टाकला. मग उचलला.