दगडी स्टेशनातली सनई

आधीच सांगतो, भुतंखेतं, चमत्कार यांवर माझा काडीचा विश्वास नाही. गारखेड्यातल्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं मी. पण हे माझ्याच लग्नात झालं... आणि साक्षीला दोन्हीकडचं वऱ्हाड आहे.

मीटरगेज होती तेव्हाची गोष्ट. सासुरवाडीचं स्टेशन औरंगाबादजवळच. निजामाच्या काळातलं, काळ्या दगडाचं. समोर तीन कमानी, आत घुमटासारख्या छताचा तिकिटाचा हॉल. मधल्या कमानीवर गावाचं नाव उर्दूत कोरलेलं, त्याखाली निजामशाही गेल्यावर रंगवलेलं मराठीत. भिंती इतक्या जाड की भर उन्हाळ्यात आत माठासारखं गार.

आमच्या वऱ्हाडाची गाडी रखडली. उतरलो तेव्हा मुहूर्त तोंडावर, आणि मांडव लांब गावात. आई रडकुंडीला आलेली. पण गाडी लेट आहे हे कळताच सासऱ्यांनी नवरी आणि भटजींना जीपमध्ये घालून थेट स्टेशनवर आणलं होतं. वाजंत्री मागून बैलगाडीत.

"मांडव ऱ्हाऊ द्या तिकडं. हितं काय वाईट हाय?" सासरे म्हणाले.

स्टेशनमास्तर हसले. "करो शादी. शामतक गाडी नहीं. बस, नंतर अक्षता झाडून घ्या."

मधल्या कमानीखाली अंतरपाट धरला. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट सरला... आणि हॉलमधून सनई सुरू झाली. भरदार, गोड. माझी आत्या तर नाचायलाच लागली.

वाजवणाऱ्याला द्यायला मामा नारळ घेऊन आत गेले, आणि नारळ घेऊनच परत आले. "आत कुणीच नाय."

मुंडावळ्या सावरत मी स्वतः डोकावलो. रिकामी बाकडी, बंद तिकीटखिडकी. सूर मात्र छतातून झिरपत होते. भीती? छे. अंगभर नुसता आनंद.

सनई थांबली, तेवढ्यात आमचे वाजंत्री पोचले. गाल फुगवून. "दुसरे आणायचे व्हते तर आमाला कशाला बोलावलं? पार वाटंपर्यंत ऐकू येत व्हतं."

त्यांची समजूत काढता काढता सासऱ्यांना घाम फुटला. मग मात्र वाजंत्र्यांनी असं वाजवलं, की स्टेशनमास्तरही हिरवी झेंडी घेऊन नाचले.

छताचा घुमारा म्हणावं, तर घुमायला मुळात सनई हवी ना? रेडिओ म्हणावं, तर स्टेशनात तो नव्हताच.

आता ब्रॉडगेज झाली, शेजारी नवं स्टेशन झालं. परवा बायकोला घेऊन जुन्या हॉलमध्ये गेलो. मी टाळी वाजवून पाहिली. टाळीच परत आली.

बायको हसली. "आपलं वाजवून झालं या हॉलचं. आता दुसऱ्या कुणाचं लगीन अडलं की वाजवील."

मी पुन्हा टाळी वाजवली नाही.