सुनंदाची पालकसभा

सुनंदा गेल्याचा फोन आला तो तिच्या घरून नाही, तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईकडून. ती हुंदके देत होती आणि मीच तिची समजूत घालत होते... अर्ध्या आयुष्याची मैत्रीण माझी, अन् बातमी आधी गावाला! त्या घडीलाही मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

बाळापूरजवळच्या त्या शाळेत आम्ही दोघी एकदमच रुजू झालो. पुढे मी मुख्याध्यापिका झाले, ती वर्गावरच राहिली. पण गावाच्या लेखी ‘आपल्या बाई’ म्हणजे सुनंदा. मी नुसती ‘मॅडम’. पालकसभेची सूचना मी काढायची, चहा सांगायची आणि यायचं कोण, तर सरपंच आणि शाळेसमोरचा दुकानदार. एकदा सुनंदानं एका आईला वाटेतच गाठलं. “काहून आल्या न्हाई सभेला?” ती म्हणाली, “हळद शिजून राहिली बाई, कढई सोडून कसं यावं?” झालं! दुसऱ्या दिवशी सुनंदानं सभाच शेतात नेली. कढईच्या वाफेत पोरांनी धडे वाचून दाखवले, पिवळ्या हातांच्या बाया कौतुकानं ऐकत राहिल्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं मागं कुणाकडे जेवतील, कुणाकडे झोपतील, तेही तिथंच ठरलं. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या पोटात दुखलं.

“तुला गाव वश आहे बाई,” मी टोचून म्हणायची. ती हसायची. “ताई, तुमी बी या की कढईपाशी.” गेले एकदा. बायांनी मला खुर्ची दिली आणि तिला आपल्या ताटातली भाकरी.

परवा तिच्या माघारी पहिली पालकसभा झाली. कोण येतंय, म्हणून मी चहा बेतानंच सांगितला होता. पण वर्ग भरला, व्हरांडा भरला, बापे पायऱ्यांवर टेकले. मी मनोमन फुलले. उशिरा का होईना, माझ्या शब्दाला गाव आलं! न राहवून पुढच्या बाईला विचारलं, “आज कशा काय आलात सगळ्या?”

ती पदर सावरत म्हणाली, “बाई दवाखान्यात व्हत्या तवा सांगून ठेवलं त्यायनं. म्हणल्या, माझ्या मागं मॅडमला एकलं पडू देऊ नका.”

सुनंदे, ही एक सभा तरी माझी राहू द्यायचीस गं!