पप्पांनी सांगितलेली नोकरी

बारावीनंतर मी कॉलेज सोडलं आणि एका सरकारी खात्याच्या ज्युनिअर हॉकी संघात गेले. परगावी राहायचं, सकाळ-संध्याकाळ खेळायचं, महिन्याला थोडंफार मानधन मिळायचं. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत सगळे पर्मनंट नोकरीवाले, पप्पांचं मात्र कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान. पोरगी नोकरीला लागली म्हणून त्यांनी घरोघरी पेढे वाटले. ती काही नोकरी नव्हती, पण मी हसून सोडून दिलं. कुणाचं काय बिघडत होतं?

पुढे ज्युनिअरचं वय संपलं आणि सिनिअर संघात मला घेतलं नाही. आता खेळायची एकच वाट उरली होती, कॉलेजात नाव घालून विद्यापीठाच्या संघात जाणं. गंगापूर रोडच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. निवड चाचणीत मी झकास खेळले. मीच म्हणतेय, पण क्रीडाशिक्षकांनीही मान डोलावली होती.

नंतर मला आणि सोबत आलेल्या पप्पांना खोलीत बसवून सरांनी विचारलं, "बारावीनंतर कुठे होतीस?"

मी तोंड उघडायच्या आत पप्पा म्हणाले, "नोकरीवर होती सर. सरकारी! खात्याकडूनच खेळायची. लय नाव होतं तिचं तिथं."

सरांचा चेहरा पडला. "पगारावर खेळलेली मुलगी विद्यार्थी म्हणून चालत नाही, काका. समोरच्यांनी हरकत घेतली तर आमचा अख्खा संघ बाद होतो."

"पगार नव्हता सर, मानधन होतं," मी म्हणाले. खातरजमा करायला सरांनी तिथल्याच तिथे माझ्या जुन्या कोचना स्पीकरवर फोन लावला. त्यांनाही नेमका मोठेपणाच सुचला. "अहो, आमच्या स्टाफमधलीच समजा तिला!"

सरांनी फोन ठेवला. माझी हॉकी तिथेच संपली, हे मला कळलं, पण आत काही हललं नाही. राग यायला हवा होता, तोही आला नाही. मी स्टिकच्या मुठीची सुटलेली टेप नखाने सोलत बसले. सर काहीतरी समजावत होते, मी हो हो म्हणत होते.

पप्पांच्या मात्र आता ध्यानात आलं. ते खुर्चीवरून उठले. कॉलनीत मान ताठ करून फिरणाऱ्या माझ्या बापाने त्या परक्या माणसापुढे हात जोडले.

"मी खोटं बोललो सर. नोकरी-बिकरी काय नव्हती. पोरगी नुसतीच खेळत होती."