बोर्ड मी निवडला होता

आमच्या स्टुडिओत फोटो नवरा काढतो आणि लग्नाचा व्हिडिओ मी जुळवते. आमच्या युसूफ वडगाव या गावात हे फारसं कुणाला माहीत नाही, कारण पाटीवर नाव त्याचं आहे आणि मांडवात कॅमेरा घेऊन तोच मिरवतो. मी आतल्या खोलीत बसून हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं शूटिंग कापून दोन तासांवर आणते. सोळा वर्षं झाली. नवरीच्या मामाला किती वेळ दाखवायचं, कुठल्या पुढाऱ्याला कापलं तर भांडण लागेल, हे मला मांडवात पाय न ठेवताही कळतं.

जुना कॉम्प्युटर मेटाकुटीला आला होता. एक लग्न तयार व्हायला अख्खा दिवस खायचा आणि मध्येच बंद पडायचा. लग्नसराई तोंडावर आली तेव्हा नवरा पुण्याला जाऊन नवा प्रोसेसर आणि तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड घेऊन आला. मला विचारलं नाही. ही दोन्ही ज्याच्यावर बसतात तो मदरबोर्ड जुनाच चालेल, असं त्याचं त्यानेच ठरवलं होतं. मी खोका वाचला आणि सांगितलं की जुन्या बोर्डाचं सॉकेट वेगळं आहे, हा प्रोसेसर त्यात जन्मात बसायचा नाही. मग दोन दिवस घरात तोंडं फुगलेली.

बोर्ड शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी बारावी. इंग्रजी अडखळत वाचते. तरीही स्वयंपाक उरकून रोज दुपारी मोबाइल घेऊन बसायची आणि एकेक गोष्ट वहीत लिहून घ्यायची. प्रोसेसरच्या सॉकेटचा नंबर कोणता, त्याला कुठली रॅम लागते, हे जड कार्ड लावल्यावर खालच्या जागा झाकल्या जातात का, आमच्या कॉम्प्युटरच्या डब्यात त्याची लांबी मावेल का. मी शिवणाच्या टेपने डबा आतून मोजला. तीन आठवड्यांनी एक बोर्ड पक्का केला आणि त्याचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत, चिठ्ठीवर लिहून नवऱ्याच्या हातात दिलं.

आता आमच्याकडे अशी वस्तू दुकानातून घेत नाहीत, पाव्हण्याकडून घेतात. नवऱ्याच्या आतेभावाचं केजला कॉम्प्युटरचं दुकान आहे. घरचा माणूस असताना बाहेर जाणं म्हणजे त्याच्या तोंडात मारल्यासारखं. आम्ही दोघं गेलो तेव्हा आतेभावाने माझी चिठ्ठी वाचली, हसला, आणि त्याच्याकडे पडून असलेला एक बोर्ड काढून नवऱ्यापुढे ठेवला. त्याच्यावर लाल दिवे लागायचे. सॉकेट मागच्या पिढीचं होतं. मी तसं म्हणाले, तर कंपनी एकच आहे, बसतंय, असं त्याने नवऱ्याला सांगितलं. बोलले मी, उत्तर नवऱ्याला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिठ्ठीवरचाच बोर्ड पाहिजे, नाहीतर काहीच नको, असं सांगून मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. शेवटी त्याने तोच मागवला, पण मनात ठेवलं.

जोडणीच्या दिवशी घरात कार्यक्रमच मांडला होता. नवं मशीन म्हणजे पूजा आलीच; आमच्याकडे ट्रॅक्टरपासून पिठाच्या गिरणीपर्यंत कशालाही नारळ फोडल्याशिवाय चालू करत नाहीत. त्याला माझी ना नव्हती. डबा बंद करून वरून हळदकुंकू वाहा, एवढंच माझं म्हणणं. पण आतेभावाने बोर्ड पाटावर उघडा ठेवला, सॉकेटवरचं झाकण काढलं, आणि हे याचं काळीज, असं शेजारपाजारच्यांना दाखवू लागला.

या नव्या प्रोसेसरला पाय नसतात. पाय बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या बारीक तारा, हजारांवर. बोट टेकलं तरी वाकतात. नवऱ्याने ओल्या कुंकवात बोट बुडवलेलं मी पाहिलं.

"अहो, तिथं नका लावू," मी म्हणाले. "तिथं पिना हायेत."

देवाच्या कामात खोडा घालू नकोस, म्हणाला. आणि काळजाला कुंकू लावलं. नीट दाबून.

ज्याचा धंदाच हा, तो आतेभाऊ शेजारी हात जोडून उभा होता. त्याने वरून प्रोसेसर ठेवला, सॉकेटची दांडी दाबली, बाकीचं जोडलं, बटण मारलं. पंखे फिरले. पडद्यावर काहीच नाही. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. चार वेळा झालं, तसा तो सगळ्यांकडे वळला.

"बोर्डच जुळंना. मी दुसरा देत होतो, पर वैनीनं हट्ट केला."

नाचता येईना अंगण वाकडं. मी नवऱ्याकडे बघितलं. बोटाला अजून कुंकू होतं त्याच्या. तो म्हणाला, "हिला लई कळतंय ना. भोगा आता."

माणसं चुकचुकली. बाईमाणसाने कशाला यात पडावं, असं कुणीतरी म्हणालं. मला तेव्हाच सगळ्यांसमोर ती दांडी उचलून आतला लाल चिखल दाखवायला हवा होता. नाही दाखवला. त्याचा राग मला त्या दोघांच्या रागापेक्षा जास्त येतो. नवऱ्याला खाली बघायला लागू नये, हे कुणीही न सांगता आपल्या हाडात इतकं खोल कसं जाऊन बसतं, कोण जाणे.

पुढचे आठ दिवस येईल-जाईल त्याला माझ्या हट्टाची गोष्ट ऐकवली जात होती. आतेभाऊ बोर्ड परत घेईना. नवरा म्हणाला, आता त्याचा लाल दिव्यांचाच बोर्ड आणू. मी म्हणाले, आधी हा बीडला दाखवायचा, मगच काय ते. आणि ते होईपर्यंत मी एकाही लग्नाला हात लावणार नाही. तेव्हा कुठे गाडी निघाली.

बीडला कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. पांढरी दाढी, छोटंसं दुकान, टेबलावर भिंग. त्यांनी प्रोसेसर उचलला, भिंगाला डोळा लावला आणि सॉकेट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न्याहाळलं. मग विचारलं, "ह्यात कुंकू कुणी घातलं?"

"घरी पूजा झालती," नवरा म्हणाला.

पूजा झाली होती. कुणी केली नव्हती, नुसतीच झाली होती.

चाचांनी कुंकू धुऊन काढलं आणि सुईसारख्या चिमट्याने एकेक तार सरळ केली. दोन तासांनी त्यांनी प्रोसेसर बसवला, कार्ड लावलं, वीज दिली. पडदा उजळला. मला रडू आलं आणि ते आलं म्हणून आणखी संताप आला.

चाचा कार्डाकडे आणि बोर्डाकडे पुन्हा पुन्हा बघत होते. "लई बरोबर बोर्ड हाय," ते म्हणाले. "ह्या कार्डाला नि प्रोसेसरला ह्याच्यापरीस चांगला मिळाला नसता. निवडला कुणी?"

"मीच," नवरा म्हणाला.

त्याची जीभ अडखळली नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खोटं बोलतोय असं त्याला वाटलंच नसावं. पाटीवरच्या नावासारखंच, जे चांगलं ते आपोआप त्याचं.

"न्हाई चाचा," मी म्हणाले. "बोर्ड मी निवडला. कुंकू ह्यांनी लावलं."

चाचांनी भिंग बाजूला सारलं आणि माझ्याकडे वळून, या कार्डाला वीज किती लागते, आमच्या डब्यात तेवढी आहे का, हे मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

परतताना मांजरसुंब्यापर्यंत नवऱ्याने मोटारसायकल नुसती दामटली. खोका माझ्या मांडीवर होता. मग मागे न बघताच म्हणाला, "चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं असतं का?"

मी म्हणाले, "दुकानात चाचा एकटेच होते. घरात तुम्ही मला बोललात तेव्हा अकरा माणसं होती, आणि त्यांना प्रसाद मी वाटत होते."