न झालेल्या स्वागताचे मान्यवर

माझी फजिती ऐकायचीय ना? मग कप आधी खाली ठेवा. तुम्ही हसाल, मला माहीताय. त्या दिवशी मला मात्र नुसता घाम सुटला व्हता.

मी हिमायतनगरचा बातमीदार. नांदेडहून निघणाऱ्या एका पेपरला वीस वर्षांपासून बातम्या देतो. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, बाहेर बोलू नका. कार्यक्रम असतो संध्याकाळी सातला अन् नांदेडवाले पान लावतात पाचला. मग काय करायचं? 'उत्साहात संपन्न' असं दुपारीच लिहून मोकळं व्हायचं. पाहुणे पत्रिकेवर असतातच. टाळ्या तर सगळीकडं सारख्याच पडतात. वीस वर्षांत कधी अडचण आली न्हाई.

तर दिगंबर गजभारे म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, वीज खात्यात लाईनमन. त्याची पोरगी सृष्टी फिगर स्केटिंग करती. पात्याचे बूट घालून बर्फावर गिरक्या घ्यायच्या, उड्या मारायच्या, असा तो खेळ. आता हिमायतनगरात बर्फ मिळतो फक्त रसवंतीवर. म्हणून पोरगी चाकाचे बूट घालून मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, सिमेंटच्या ओट्यावर सराव करायची अन् सुट्टीत दिल्लीकडं बर्फावर जायची. त्या मार्चात तिची परदेशातल्या स्पर्धेला निवड झाली. दहावीची परीक्षा चालू व्हती, पण होळीमुळं दोन पेपरांच्या मध्ये पाच-सहा दिवस मोकळे. तेवढ्यात जाऊन गुरुवारी परत यायचं अन् शुक्रवारी गणिताचा पेपर द्यायचा, असा बापलेकीचा बेत.

दिगंबरनं मला जायची तारीख दिली, यायची दिली, फोटो दिला. मला अजून काय पाहिजे? मी बसल्या बैठकीत सगळं लिहून टाकलं. गिरक्या लिहिल्या, टाळ्यांचा कडकडाट लिहिला. वर परत आल्यावर गावात झालेलं जंगी स्वागतही लिहिलं, पेढे भरवले, अन् शेवटी आपली नेहमीची ओळ, 'यावेळी अमुक, तमुक, आदी मान्यवर उपस्थित होते.' नांदेडला सांगितलं, शुक्रवारी छापा. अन् मी मेव्हण्याच्या साखरपुड्याला किनवटकडच्या जंगलातल्या गावी गेलो. तिथं रेंज नावाला नव्हती. कधीतरी टेकडीवर चढलो तर दिगंबरचे चार मिस कॉल दिसले. मला वाटलं, फोटो मोठा छाप म्हणून राहिला असंल. मी काही फोन लावला न्हाई.

शुक्रवारी सकाळी हिमायतनगर स्टेशनात उतरलो अन् फोन वाजला.

"काय लिहून बसलास रे?" फोनवर दिगंबर व्हता. "पोरीला परीक्षेच्या गेटावर अडवून ठेवलंय."

"कामून?"

"परदेशातून आली म्हणून. अरे, स्पर्धाच रद्द झाली. त्या कोरोनापायी सगळ्या देशांनी येणंजाणं बंद केलंय, कुठलेच खेळाडू पोचू शकत न्हाईत. पोरगी चार दिवस घरात रडत बसली व्हती. कुणाला सांगायचं तोंड नव्हतं, तुला सांगायला फोन केले तर तू उचलंना."

घड्याळात दहा वीस झाले व्हते. पेपर अकराला. मी बॅग तशीच चहावाल्याकडं टाकली अन् ऑटोत बसलो.

गेटावर पोरांच्या आईबापांची गर्दी, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. अन् सृष्टी एकटीच लिंबाखाली उभी, हातात पॅड अन् हॉलतिकीट. तिच्या चहूबाजूंनी पंधरा-वीस पावलं जागा मोकळी. लेकराला सगळ्यांनी वाळीत टाकल्यागत केलं व्हतं.

"काका, मी कुठंच गेले न्हाई," ती म्हणली. "तुम्ही तरी सांगा ना."

स्पर्धा तर तिची गेलीच व्हती. आता माझ्यामुळं वर्ष बी जात व्हतं.

आरोग्य खात्याच्या मॅडम हातात आमचा छापून आलेला पेपर घेऊन उभ्या. दिगंबर त्यांना मोबाईलवर स्पर्धा रद्द झाल्याचं पत्र दाखवून राहिला व्हता.

"मोबाईलवर काहीबी येतं," मॅडम म्हणल्या. "पेपरात तर छापून आलंय. पासपोर्ट दाखवा."

"तो व्हिसासाठी दिल्लीला अडकलाय, मॅडम."

मी पुढं झालो. "मॅडम, ती बातमी खोटी हाय."

"कोण म्हणतं?"

"मीच. मीच लिहिली."

"म्हणजे आता दोस्ताच्या पोरीसाठी शब्द फिरवून राहिले तुम्ही. अन् ही चार दिवस कुणाला दिसली कामून न्हाई?" त्यांनी पेन काढला अन् माझ्या शेवटच्या ओळीतली नावं एकेक करून खुणावू लागल्या. "हिच्या संपर्कात आलेले सगळे चौदा दिवस घरात बसतील. हे 'आदी मान्यवर' किती जण हायत?"

तुम्हीच सांगा, आदी मान्यवर आजवर कुणी मोजलेत का?

तेवढ्यात त्यांचा पेन थांबला. "कदम सर, तुमचं बी नाव हाय यात."

कदम सर म्हणजे केंद्रावरचे मुख्याध्यापक. गेटाची किल्ली त्यांच्याच हातात. ते दचकलेच.

"मी? मी काल दिवसभर इथं बाकांवर नंबर टाकत व्हतो. शिपायाला विचारा."

"मग नाव कसं आलं?"

सगळी गर्दी माझ्याकडं बघू लागली. अकराला बारा मिनिटं कमी.

मॅडम माझ्यापुढं कागद धरून म्हणल्या, "स्वागताला तुम्ही हजर व्हता का? असाल तर पोरगी घरी जाईल, कदम सर घरी जातील, तुम्ही बी जाल. नसाल तर तसं लिहून द्या. मोठ्यानं वाचून."

वीस वर्षांची इज्जत हो. सगळा तालुका तिथं उभा. पण लिंबाखालचं लेकरू काही नजरेसमोरून हलंना. मी लिहिलं अन् वाचलं, "असं स्वागत झालंच नाही. मी हजर नव्हतो. मी सहसा कोणत्याच कार्यक्रमाला हजर नसतो, बातमी आधीच लिहून ठेवतो."

कुणी हसलं बी न्हाई. ते जास्त लागलं.

मॅडमनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला, सृष्टीच्या कपाळाला तापाचं यंत्र लावलं, अन् म्हणल्या, "पळ." घंटा झाली तवा पोरगी पायऱ्या चढत व्हती. मला खरंच रडू आलं.

गर्दी पांगली. कदम सरांनी गेटाला कुलूप लावलं, पण आत काही जाईनात. गजांतून हळूच म्हणले, "एक विचारू का? आमच्या आईच्या शोकसभेची बातमी तुम्हीच दिलती. 'उपस्थितांचे डोळे पाणावले,' असं लिहिलं व्हतं. ते कात्रण मी फ्रेम करून लावलंय घरी."

मी खाली बघत म्हणलो, "सर, ते डोळे मी आदल्या दिवशीच पाणावून ठेवले व्हते."