राखाडी आई

अमेरिकेत बॉथेलमध्ये घर घेतल्यावर आमच्या दादाला एकच दुःख उरलं होतं, दिवाणखान्यातली एक भिंत रिकामी होती. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आई आलेलीच होती. तेव्हा तिचं ऑइल पेंटिंग करून तिथं टांगायचं ठरलं.

चित्रकार बेल्जियमचा, फ्लेमिश. आजोबा चित्रकार, वडील चित्रकार, आत्या चर्चमधली जुनी चित्रं दुरुस्त करणारी. असल्या घराण्याचा हा दिवा अमेरिकेत एका गॅरेजात लोकांची कुत्री रंगवत होता. आणि मिजास अशी, की कुत्रंसुद्धा म्हणे आजोबांच्याच पद्धतीनं रंगवणार, थरावर थर, मधे आठवडेच्या आठवडे वाळवत. पहिल्या दिवशी मला तो अजिबात आवडला नाही.

आईची ने-आण माझ्याकडे. मी धाकटी, बिनलग्नाची, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामटेकडीच. पण आई तिथे खुलली. त्याला मराठी कळत नव्हतं, तिला इंग्रजी. ती बोलायची, तो मान डोलवत रंगवायचा. उभ्या जन्मात तिच्याकडे कुणी इतका वेळ नीट बघितलं नव्हतं. परतताना गाडीत म्हणाली, "जायच्या आधी पूर्ण झालेलं बघायला मिळू दे गं." अमेरिकेकडे तिनं एवढंच मागितलं.

मग दादा-वहिनींना फॅमिली ग्रुपवर टाकायला फोटो हवा झाला. न सांगता दोघं गॅरेजात थडकली. आम्ही तिथेच होतो. पहिला थर नुकताच झाला होता. हे लोक आधी सगळा चेहरा राखाडी रंगात करतात, रक्तामांसाचे रंग नंतर चढवतात. चित्रकारानं तसं सांगितलंही, पण ऐकतो कोण?

"अहो, आईंना मेल्यासारखं दाखवलंय," वहिनी म्हणाली. "हे घरात नको. कॅन्सल करून टाका."

"आणि किती ओल्ड दिसतेय यार," दादा म्हणाला. आई पंचाहत्तरीची होती.

"अरे, सारवल्याशिवाय कुणी रांगोळी काढतं का?" आई म्हणाली. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी दादानं मोबाइलवरचा तिचा फोटो कॅनव्हासवर छापायला दिला. अ‍ॅपनं तिला गोरीपान केली, सुरकुत्या पुसल्या. वहिनीनं हौसेनं नथही घातली, जी आईनं लग्नानंतर कधी घातली नव्हती. चित्र घरी आल्यावर आई बराच वेळ बघत राहिली. "छान आहे हो," ती म्हणाली. "कोण ही?" सगळे हसले. मला मात्र दादाच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

आई सांगलीला परतली आणि दिवाळीच्या आधीच गेली. तेव्हा दादाला उमाळा आला. "ते खरं पेंटिंग पूर्ण करायला सांग," तो मला फोनवर रडत म्हणाला.

मी गेले. चित्रकारानं खूप दिवस वाट पाहिली होती, कुणी साधा फोनही केला नव्हता. त्याच्या घराण्यात कॅनव्हास फेकत नाहीत, वरून दुसरं चित्र काढतात. आईच्या कॅनव्हासवर आता एक गोल्डन रिट्रीव्हर कुत्रा बसला होता, पूर्ण झालेला, रंगीत, अगदी जिवंत. त्याचा मालक दुसऱ्या दिवशी तो न्यायला येणार होता. चित्रकारानं मला खुर्ची दिली, आईचीच, आणि मी पोटभर रडले.

दादानं आता त्या छापील गोऱ्या बाईला हार घातलाय. येणारेजाणारे तिच्या पाया पडतात. मी पडत नाही. माझी आई कुणा परक्याच्या भिंतीवर, एका कुत्र्याखाली आहे.