अर्जदार मुक्ता पुणतांबेकर

“लोकांसाठी शंभर वेळा टाईप केलंस ना, आत्या? मग आपल्या घरासाठी एकदा केलंस तर बोटं झडतील?”

कुशलने ताट पुढे सरकवलं. त्याची आई प्रभावती पोळी उलटत होती. भांडण कितीही पेटलं तरी तिची पोळी कधी करपत नसे.

“ते साहेबांनी सांगितलं म्हणून केलं,” मुक्ता म्हणाली.

“मग आता आम्ही सांगतोय म्हणून कर.”

भांडण गच्चीवरच्या बांधकामाचं होतं. काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या त्यांच्या घराला दीड महिना हिरवी जाळी लावलेली होती आणि जाळीच्या आत दोन नव्या खोल्या उभ्या राहत होत्या, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना भाड्याने द्यायला. गंगेपासून दोनशे मीटरच्या आत नवं बांधायला मनाई आहे. जुन्याची दुरुस्ती तेवढी परवानगी काढून करता येते. म्हणून गल्लीत जो तो दुरुस्तीची परवानगी काढतो, जाळी लावतो आणि मजला चढवतो. गेल्या आठवड्यात कुणीतरी यांच्याविरुद्ध सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली आणि ती फिरत फिरत मुक्ताच्याच टेबलावर आली.

बांधकाम-परवान्यांच्या कचेरीत तिला तेहेतीस वर्षं झाली होती. वडील तिथेच आवक-जावक बघायचे. नोकरीत असतानाच ते गेले, तेव्हा त्यांच्या जागी घरातल्या एकाला लागता येणार होतं. धाकटा भाऊ यज्ञेश्वर वेदपाठशाळेत होता, त्याची संथा मोडायची नाही असं ठरलं. चोवीस वर्षांची मुक्ता टायपिंग शिकली. पुढे दोन स्थळं आली नि परत गेली. कारण पत्रिकेचं सांगितलं गेलं, खरं कारण घराला लागणाऱ्या तिच्या पगाराचं होतं. गल्ली तिला ‘नोटिसवाली बुआ’, नोटिशीची आत्या, म्हणे. नोटिशीवर सही साहेबांची, पण तो कागद घेऊन लोक हिच्या दाराशी येत. कुणी मिठाईचा डबा आणी, कुणी शिव्या. डबा ती परत करी.

‘मौके पर कोई नया निर्माण नहीं पाया गया.’ जागेवर नव्या चार भिंती उभ्या असताना हे वाक्य तिने कितीदा टाईप केलं होतं. एकदाच, फार दमलेली असताना, ती घरी त्याबद्दल बोलून गेली. घराने ते नीट लक्षात ठेवलं.

“ताई, तक्रार फक्त बंद करायची आहे,” यज्ञेश्वर म्हणाला. “खोटं बोल असं कोण म्हणतंय?”

“तूच म्हणतोयस. आणि संध्येवरून उठल्या उठल्या.”

“बोलू द्या हो त्यांना,” प्रभावती तव्याकडे बघत म्हणाली. “ज्यांना मुलंबाळं आहेत त्यांनाच उद्याची काळजी. वन्सं, इतकी वर्षं आमच्यात जेवताय, त्याची तरी...”

“तुमच्यात? प्रभा, सिलिंडर कुणाच्या नावावर येतो गं?”

“घ्या! आता सिलिंडर काढला!”

“आत्या, सुन,” कुशल हसत म्हणाला. “नोटीस आली ना, तर तुझ्याच नावाने येईल. परवानगीच्या अर्जावर सही तुझी आहे. हम तो कहीं हैं ही नहीं.”

मुक्ताचा घास हातातच राहिला. होळीच्या आधी कुशल एक कागद घेऊन आला होता. गच्ची गळतेय, अर्धं घर तुझ्या नावावर आहे, सही कर. परक्याच्या अर्जातला चुकलेला घरक्रमांक लांबून ओळखणारी ती, भाच्याच्या अर्जावर तिने चष्मासुद्धा न लावता सही केली होती.

“मुद्दाम घेतलीस माझी सही?”

“मग? तू स्वतःला नोटीस थोडीच पाठवणार?”

तिने यज्ञेश्वरकडे पाहिलं. तो ताटाभोवती पाणी फिरवत होता. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. ती उठली, हात धुतले आणि डबा न घेता निघून गेली.

त्याच दिवशी तिने साहेबांना लिहून दिलं की हे घर माझं आहे, फाईल दुसऱ्या टेबलावर द्या. दोन दिवसांनी कनिष्ठ अभियंता गच्चीवर चढून मापं घेऊन गेला. कुशलने तिच्याशी बोलणं टाकलं. प्रभावती मुक्ताचं ताट वाढून, वर दुसरं ताट उपडं घालून, सगळ्यांच्या आधी जेवायला बसू लागली. यज्ञेश्वर तिला ऐकू जाईल असं म्हणे, “घरभेद्याला काशीतही गती नाही.”

पुढच्या शनिवारी ती कचेरीतून आली, पाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिघंही आत होते.

“नोटीस आली. अर्जदार म्हणून मीच घेतली. मालकाने मुदतीत स्वतः पाडलं तर कचेरी येत नाही, खालच्या घराला सील लागत नाही. मी पाडते असं लिहून दिलं आहे.”

“आम्हाला न विचारता?” प्रभावती ओरडली. “माझ्या पोराच्या पोटावर पाय देऊन?”

“ताई, थोडं थांब. वकील बघू, काही मार्ग...”

“सोमवारी आठ वाजता रामनगरहून मजूर येतील,” मुक्ता म्हणाली. “दोन्ही खोल्या पाडायच्या आहेत.”